माडीवरचे दफ्तर : एका खोत घराण्याच्या संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : राजापूर तालुक्यातले एक जुने घर, जि. रत्नागिरी. काम : घराण्याचे मोडी कागद, पुस्तके, छायाचित्रे आणि वस्तू यांची नोंद, सफाई, छायांकन आणि कायमची मांडणी. कामाचा काळ दसऱ्यापासून मृगापर्यंत. पावसाळ्यात एकही रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडायचा नाही.

२८ ऑक्टोबर २०२३

मोजदाद. माडीवर ४१ रुमाल, ३ पेटारे, २ फडताळे. पुस्तके सुमारे ६००, छायाचित्रे ३८० च्या आसपास, काचेच्या निगेटिव्ह २७, वस्तू ५४, कॅसेट ११.

कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक फडताळाचे, कोनाड्याचे आणि पेटाऱ्याचे फोटो काढले आणि माडीचा कच्चा नकाशा केला. प्रत्येक जागेला अक्षर, प्रत्येक खणाला अंक. रुमाल कुठल्या खणात, कितवा, कोणत्या गठ्ठ्याखाली होता हे नोंदवहीत आधी जाते, त्यात काय आहे ते नंतर. लोकांना घाई असते ती सनद कुठे, वंशावळ कुठे याची. पण कागद उद्याही वाचता येतो. तो कशाच्या शेजारी होता हे मात्र एकदा हलवला की गेले.

रुमालांची फडकी लाल खारव्याची. बोट ओले करून कोपऱ्यावर दाबले, बोटाला लाली आली. म्हणजे ओल लागली की रंग कागदावर उतरणार. सगळी बदलावी लागतील. जुन्या फडक्यांवर गाठीपाशी शाईने लिहिलेली शीर्षके आहेत, त्यामुळे फडकी टाकायची नाहीत. वेगळी घडी करून त्याच क्रमांकाने ठेवायची.

२९ ऑक्टोबर २०२३

दोन आर्द्रतामापक आणले. एक ६३ टक्के दाखवतो, दुसरा ७१. कुणाचे खरे मानायचे? घट्ट झाकणाच्या डब्यात बाटलीचे बूच ठेवले, त्यात चमचाभर साधे मीठ आणि ओलसर होईल इतकेच पाणी. दोन्ही मापक त्याच डब्यात बारा तास. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेची आर्द्रता खोलीच्या तापमानाला ७५ टक्के असते. पहिला ६८ वर थांबला, दुसरा ७६ वर. आता पहिल्यात ७ मिळवायचे, दुसऱ्यातून १ वजा करायचा. चिकटपट्टीवर तसे लिहून मापकांवर लावले. दोन्ही दुरुस्त आकडे ७० टक्के. माडीची पूर्वेकडची खोली त्यातल्या त्यात कोरडी, तिथेच कामाचे टेबल.

४ नोव्हेंबर २०२३

पहिले पाच रुमाल उघडले. कीड दोन तऱ्हेची. चंदेरी कसर कागद वरवर खरवडते आणि जिथे खळ किंवा डिंक आहे तिथे आधी जाते. दुसरी कीड आरपार गोल भोके पाडत गठ्ठ्याच्या तळापर्यंत उतरते. भोकांच्या कडेला ताजी फिकट भुकटी असेल तर कीड जिवंत. पाचपैकी तिनांत भुकटी ताजी निघाली.

डांबर गोळ्यांचा सल्ला घरोघर मिळतो. त्यांच्या वासाने कीड फार तर लांब राहते, कागदात शिरलेली मरत नाही. त्यांची वाफ माणसाच्या श्वासातही जाते आणि प्लास्टिक, फिल्म खराब करते. वेखंड आणि कडुनिंबाची पाने पूर्वापार वापरतात. चालतील, पण पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात. कागदांच्या मध्ये घातलेला पाला स्वतःच सडतो आणि डाग पाडतो.

किडीसाठी आडवे डीप फ्रीझर भाड्याने घेतले, उणे १८ अंशांचे. रुमाल जाड पॉलिथिनच्या पिशवीत, हवा दाबून काढून तोंड बंद. १४ दिवस आत. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी तशीच बंद. लगेच उघडली तर बाहेरची दमट हवा थंड कागदावर पाणी होऊन बसते. लाखेच्या मोहरा असलेले कागद, छायाचित्रे, काचा आणि रंगवलेल्या वस्तू फ्रीझरमध्ये घालायच्या नाहीत.

५ नोव्हेंबर २०२३

टेबलावर फक्त शिसपेन्सिल, बी ग्रेड. शाईचे पेन, पाण्याची बाटली, चहा खोलीबाहेर. कागदाला हातमोजे नकोत, धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. सुती हातमोज्यात बोटांना कडा कळत नाही आणि कागद फाटतो. फोटो, काचा आणि चांदी यांना मात्र नायट्राइलचे मोजे.

१९ नोव्हेंबर २०२३

सफाई सुरू. बकरीच्या केसांचा रुंद मऊ ब्रश, मधून कडेकडे, एकाच दिशेने. निर्वात झाडणीच्या (व्हॅक्यूम क्लीनरच्या) नळीवर मलमलचा तुकडा बांधला, म्हणजे सुटलेला कपचा आत जात नाही. एन-९५ मुखपट्टी सर्वांना. जुन्या बुरशीची धूळ छातीत जाते.

काही कागदांवर शाई टिपायला टाकलेली वाळू अजून अक्षरांना चिकटून चमकते. ती झाडायची नाही, ती निघाली की शाईचा वरचा थरही निघतो. काजळाची शाई फिकी पडत नाही, पण डिंकावर बसलेली असते. पाण्याचा थेंब लागला की अक्षर पसरलेच. इंग्रजी अमलातली निळसर-काळी शाई लोहयुक्त असते. ती आम्लाने कागद जाळते आणि अक्षराच्या जागी चिरा पडतात. जांभळी कॉपिंग पेन्सिल तर दमट बोटानेही उतरते. म्हणून ओला उपचार करण्याआधी न चुकता चाचणी : कापसाची ओलसर काडी एका अनावश्यक ठिपक्याला लावून वर टीपकागद दाबायचा.

रुमाल ३ मधले कागद फारच विस्कळीत होते. १७९० च्या दशकातल्या पत्रांत १८८० चे मुद्रांक कागद घुसलेले. तारखांप्रमाणे लावून घेतले. एकूण ६४ कागद.

२ डिसेंबर २०२३

रुमालांसाठी मांजरपाट ४५ मीटर, पन्हा ९० सेंमी. एका रुमालाला ९० × ९० चा चौकोन पुरतो. ४१ चौकोनांना ३६.९ मीटर, बाकी आटण्यासाठी. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि खळ म्हणजे कसरीला मेजवानी. दोनदा गरम पाण्यात, नीळ आणि सुगंधी द्रव न घालता धुतले, उन्हात वाळवले. आयोडिनचा थेंब टाकून पाहिला. तीन तुकडे काळे-निळे झाले, म्हणजे खळ शिल्लक. ते तिसऱ्यांदा धुतले.

आत प्रत्येक कागदाला आम्लमुक्त कागदाचे चार पाळ्यांचे पाकीट. पाकिटावरचा क्रमांक ते रिकामे असताना लिहायचा, नाहीतर पेन्सिलीचा दाब आतल्या कागदावर उमटतो. पाच-सात पाकिटांना एक पुठ्ठा, वर मांजरपाट. गाठ मारायची नाही, रुंद सुती फीत गुंडाळून टोक खोचायचे. रबरबँड एकही नको. पेटाऱ्यातल्या एका चांदीच्या पानदानावर वितळलेल्या रबरबँडची काळी रेघ कायमची बसली आहे.

१६ डिसेंबर २०२३

रात्री नऊ तास वीज नव्हती. फ्रीझरचे तापमान उणे ५ पर्यंत चढले. दुसऱ्या खेपेचे दहा दिवस वाया, मोजणी पुन्हा शून्यापासून. हळूहळू गोठताना किडे तग धरायला शिकतात, त्यामुळे अर्धवट खेप ही न केल्यासारखीच. आता फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या भरल्या, म्हणजे वीज गेली तरी थंडावा टिकतो. शिवाय किमान-कमाल नोंद ठेवणारा तापमापक आत ठेवला.

६ जानेवारी २०२४

छायांकनाची मांडणी. सपाट काचेचे स्कॅनर घड्या पडलेल्या कागदाला आणि शिवलेल्या वहीला नको, दाबाने शिवण तुटते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो भिंग, उभा दांडा. लांब बाजूला ६००० बिंदू. चौकट ३८ सेंमीवर ठेवली की इंचाला ४०० बिंदू मिळतात, मोडीच्या बारीक वळणांना तेवढे पुरेत. कागद त्याहून मोठा असेल तर चौकट वाढवायची नाही, दोन भागांत घ्यायचे.

दोन एलईडी दिवे ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. सारखेपणा तपासायला मध्यभागी पेन्सिल उभी धरायची. दोन्ही बाजूंच्या सावल्या एकाच लांबीच्या आणि एकाच गडदपणाच्या पडायला हव्यात. आमच्या डावीकडची फिकी होती. ती सावली पाडणारा उजवीकडचा दिवा ६ सेंमी जवळ आणला.

पातळ जुन्नरी कागदाच्या पाठीवर मजकूर असेल तर मागचे अक्षर पुढे दिसते. खाली काळा पुठ्ठा ठेवला की ते बरेच दबते. एकाच बाजूला लिहिलेला कागद असेल तर खाली पांढरा पुठ्ठा. प्रत्येक चौकटीत मोजपट्टी आणि राखाडी पट्टी. बंद, म्हणजे एकापुढे एक चिकटवलेले लांब कागद, सर्वांत मोठा २.१ मीटर भरला. तो सात भागांत घेतला, प्रत्येक भागात आधीच्याचा चौथा हिस्सा पुन्हा. जोडांच्या पाठीवर शिक्के असतात, मधला तुकडा कुणी बदलू नये म्हणून. त्यामुळे पाठ कोरी दिसली तरी तिचेही छायांकन.

एक चित्र टिफमध्ये ७२ एमबी. सुमारे ११,००० चित्रे धरली तर ८०० जीबीच्या घरात. दोन टीबीच्या दोन डिस्क, एक घरात आणि एक पुण्यातल्या नातेवाइकांकडे, तिसरी प्रत भाड्याच्या साठ्यावर. तासाला १२० चित्रांचा अंदाज होता, प्रत्यक्षात ७० होतात. वेळ कॅमेरा खात नाही, घडी उलगडण्यात आणि सपाट करण्यात जातो.

फाइलींची नावे रोमन अक्षरांत आणि अंकांत. देवनागरी नावे काही यंत्रांवर मोडतात. रुमाल, कागद, बाजू एवढेच नावात. तारीख, विषय नावात घालायचा नाही, कारण तारीख पुढे चुकीची ठरू शकते आणि मग नाव बदलावे लागते.

२० जानेवारी २०२४

काचेच्या निगेटिव्ह. चकाकणारी बाजू काच, मंद दिसणारी बाजू जिलेटिनचा लेप. काचेची बाजू किंचित ओलसर कापसाने पुसली, लेपाला फक्त हवेचा फुंकारा. २७ पैकी ४ काचांचा लेप कडेने सुटतो आहे, त्या पुसल्याच नाहीत. उजेडाच्या सपाट पाटीवर ठेवून कॅमेऱ्याने घेतल्या. ठेवताना आडव्या रचायच्या नाहीत, खालच्या काचा फुटतात. चार पाळ्यांच्या पाकिटात, लांब कडेवर उभ्या. फुटलेल्या दोन मात्र आडव्या, तुकड्यांच्या आकाराचा खळगा कापलेल्या पुठ्ठ्यात.

१९८० नंतरचे चिकट पानांचे आल्बम काचेपेक्षा वाईट. वरची पारदर्शक पट्टी आणि खालचा डिंक दोन्ही फोटोला खातात. फोटो ओढायचा नाही. दात साफ करायचा रेशमी दोरा फोटोमागून करवतीसारखा सरकवत सोडवायचा. न सुटणारे फोटो पानासकट कापून ठेवले. सोडवण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र हवेच, कारण मथळे पानावर आहेत.

३ फेब्रुवारी २०२४

तारखांचा गोंधळ. जुन्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतली कालगणना, अरबी संख्यानामांत येतो आणि वर्ष मृगापासून बदलते. संख्या उलट्या क्रमाने, एकं आधी : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर, मग वीसपासून नव्वदपर्यंत अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार.

संगणकाच्या तक्त्यात सरसकट शुहूर अधिक ५९९ असे सूत्र घातले गेले होते. ते अर्धेच बरोबर. रुमाल १२ मधले एक पत्र घ्या : ‘सु॥ सबा तिसैन मया व अलफ, छ २ सवाल’. सात, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे ११९७. सूत्राने १७९६ आले. पण त्या शुहूर वर्षातला सवाल महिना १७९७ च्या मार्चअखेरीस सुरू होतो, म्हणून इथे ६०० मिळवायचे. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शुहूर वर्ष सौर आणि महिने हिजरी चांद्र, त्यामुळे कोणता महिना कुठे पडतो ते दर वर्षी जंत्रीत पाहावे लागते, सूत्राने भागत नाही. ‘छ’ ही चंद्राची, म्हणजे चांद्र तारखेची खूण. नवशिके ती अक्षर म्हणून वाचतात.

फसलीचेही, म्हणजे महसुली सालाचेही, तसेच, आपल्याकडे ५९०-५९१ चा फरक. शकाला ७८-७९. तक्त्यात आता दोन रकाने : मूळ तारीख जशी लिहिली तशी, आणि रूपांतरित तारीख. मूळ रकान्यात कधीही दुरुस्ती नाही. २१६ नोंदी पुन्हा तपासल्या, ९३ चुकलेल्या.

मोडी वाचणाऱ्यांसाठी ठरवले : ह्रस्व-दीर्घ मूळ लिपीत वेगळे नसतात, तेव्हा लिप्यंतरात आजच्या नियमाने लिहायचे. शब्द तोडण्याबद्दल शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. ‘मौ॥’ मौजे, ‘रा॥’ राजश्री यांत अडचण नाही. ‘ता॥’ मात्र कुठे तर्फ, कुठे तालुके. संदर्भ नसेल तर तसाच सोडायचा.

१७ फेब्रुवारी २०२४

रुमाल ३ च्या बाबतीत चूक झाली आहे. छायांकन करताना कागदांच्या पाठीवर कोपऱ्यात बारीक ‘निशाणी’, म्हणजे न्यायालयात पुराव्याच्या कागदावर घालतात ती खूण, आणि आकडे दिसले. हा विस्कळीत गठ्ठा नव्हताच. १८८० च्या खोती कायद्यानंतर दिवाणी न्यायालयात चाललेल्या वहिवाटीच्या दाव्याचे ते दफ्तर. जुनी पत्रे इतर रुमालांतून मुद्दाम उपसून पुराव्यासाठी एकत्र केलेली. १७९० च्या कागदाशेजारी १८८० चा कागद होता तो पत्रातला मजकूर जबानीला आधार म्हणून. नोव्हेंबरात तारखेप्रमाणे लावताना नेमका तोच संबंध मोडला गेला.

परत लावण्याचा उद्योग दोन दिवस. ५१ कागदांवर निशाणीचे आकडे आहेत, ते सरळ लागले. उरलेल्या १३ साठी किडीने मदत केली. आरपार भोके गठ्ठ्यात एकाच रेषेत उतरतात आणि वरून खाली जाताना किंचित सरकतात. प्रत्येक कागदाची भोके पारदर्शक फिल्मवर टिपली, फिल्म एकावर एक ठेवून कोणाचे भोक कोणाला लागते ते पाहिले. ९ कागद खात्रीने बसले. ४ चे नाही, ते पाकिटावर ‘जागा अनिश्चित’ लिहून शेवटी ठेवले.

नियम आता नोंदवहीच्या पहिल्या पानावर : रुमालातला क्रम कितीही वेडावाकडा दिसो, तोच क्रम. तारखेप्रमाणे, गावाप्रमाणे, माणसाप्रमाणे हवी तेवढी मांडणी तक्त्यात करावी. तक्ता हवा तेव्हा परत फिरवता येतो. रुमाल सोडल्यापासून प्रत्येक कागद उचलण्याआधी त्याच्या कडेचा एक फोटो, हेही.

२ मार्च २०२४

पुस्तके. ६०० मधली घराण्याच्या इतिहासाशी थेट संबंध असलेली फक्त ७०. छापील कुलवृत्तान्ताच्या दोन आवृत्त्या, रत्नागिरी-सावंतवाडीचे १८८० चे गॅझेटियर, निर्णयसागर छापखान्याची पोथीच्या आकाराची पुस्तके, शिळाप्रेसवरच्या काही पोथ्या, संस्थांचे अहवाल, मानपत्रे. बाकी ५३० चे काय? त्यांच्या फक्त मुखपृष्ठाची आणि आतल्या लिखाणाची नोंद घेतली. अर्पणाच्या ओळी, वाचनालयाचे शिक्के, समासातल्या खुणा. पुस्तक इतरत्र मिळेल, हे मिळणार नाही.

सर्वांत मोलाचे निघाले ते पंचांग. १८९० ते १९४० मधली ३७. समासात जन्म, मृत्यू, मुंज, लावणीचा दिवस, पहिला पाऊस, मुंबईहून मनीऑर्डर किती आली. एरवी रद्दीत जाणारी वस्तू. कुलवृत्तान्तातल्या ११ जन्मतारखा पंचांगातल्या टिपणाशी जुळत नाहीत. टिपण त्याच दिवशीचे, कुलवृत्तान्त वर्षांनंतर पत्रव्यवहाराने गोळा केलेला. पंचांग खरे धरले, पण दोन्ही नोंदवले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आणि नंतरच्या दहा वर्षांतला छापील कागद सर्वांत ठिसूळ. दोनशे वर्षांपूर्वीचा हातकागद त्यापुढे तरुण वाटतो. पाने उलटतानाच तुटतात, ती आधी छायांकित करायची.

फाटलेल्या पानांना जपानी टिश्यू, ९ ग्रॅमचा, आणि मिथाइल सेल्युलोजची खळ. गव्हाच्या खळीची पकड जास्त चांगली, पण कोकणातल्या दमट हवेत ती बुरशीला आणि कसरीला बोलावते. टिश्यू कापायचा नाही, ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि जोड दिसत नाही. सेलोटेप जिथे आहे तिथे आत्ता काढायला जायचे नाही. पट्टी निघते, डिंक कागदात राहतो. ते तज्ज्ञाकडचे काम.

३ मार्च २०२४

लॅमिनेशन केलेली सनद सापडली. करण्यासारखे काही नाही. छायांकन केले.

२३ मार्च २०२४

वंशावळ. कुलवृत्तान्ताच्या मागच्या खिशातला घडीचा तक्ता आठ घड्यांवर फाटलेला. चार भागांत घेतला.

दुसऱ्या आवृत्तीची संगणकीय फाइल मिळाली, पण युनिकोडपूर्व फॉन्टात. उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा. परिवर्तकाने बदलली तेव्हा रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडून बसल्या, सगळे हाताने तपासावे लागले. युनिकोडमध्येही ‘ॲ’ एकाच अक्षराने किंवा ‘अ’ला चंद्र जोडून अशा दोन तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांना एकच, शोधयंत्राला दोन. एकच रूप ठरवून सगळीकडे बदलले. छापील मजकुराला अक्षरओळख बरी चालते, वंशावळीच्या तक्त्याला अजिबात नाही आणि मोडीला तर नाहीच.

नावांची अडचण वेगळी. आजोबांचे नाव नातवाला, म्हणून सात पिढ्यांत विष्णू पाच. प्रत्येकाला पिढी आणि शाखा यांचा क्रमांक दिला. पत्रांत कुणीच खऱ्या नावाने नाही, सगळे तात्या, नाना, अण्णा, बापू. टोपणनावांचा वेगळा तक्ता केला : कोणत्या पत्रलेखकाचा ‘नाना’ कोण. एका घरचा नाना दुसऱ्या घरच्या पत्रात काका होतो. दत्तक गेलेल्यांना दोन्ही घरांशी दुवा, कुलवृत्तान्तात ते बहुधा एकाच घरात दिसतात.

बायका. पहिल्या आवृत्तीत मुली नाहीतच, सुना आहेत त्या सासरच्या नावाने. तक्त्यात जन्मनाव, माहेरचे आडनाव, सासरचे नाव असे तीन रकाने केले. जन्मनावे कुठून मिळवायची? जन्मपत्रिका, लग्नाचे याद्यांचे कागद, माहेरची पत्रे. आतापर्यंत १४२ पैकी ८८ मिळाली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतही यात्रेला आलेल्या स्त्रियांची नावे आहेत. तिथे परवानगी घेऊन चार नोंदी उतरवल्या. पूर्वजाची स्वहस्ताक्षरातली तारीखवार सही मिळते, कुलवृत्तान्त तपासायला दुसरा इतका स्वतंत्र पुरावा नाही.

१३ एप्रिल २०२४

बोटखतांच्या, म्हणजे कुळांकडून यायच्या खंडाच्या हिशोबाच्या, २२ वह्या. पिकाचा अंदाज, कुळाचे नाव, जमिनीचे नाव, अर्धेल की तिर्धेल (पिकाचा अर्धा हिस्सा की तिसरा), किती खंड. भात मण-खंडीत. २० मणांची खंडी सगळीकडे, पण मण गावोगाव निराळा, म्हणून किलोत रूपांतर केले नाही.

या वह्या खोताच्या घरी होत्या म्हणून खोताच्या झाल्या, पण त्यांत इतिहास आहे तो कुळांचा. कुळवाडी घराण्यांच्या पाच-सहा पिढ्यांची नावे, कसलेल्या जमिनी आणि थकलेला खंड दुसऱ्या कुठल्या कागदावर मिळणार? ठरवले की गावातल्या ज्या घराण्याचे नाव वहीत आहे त्यांना त्या पानांच्या प्रती मागितल्याबरोबर द्यायच्या. नामसूची कुळांच्या आडनावांनीही केली. १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन (कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली तो दिवस) यांच्या आसपासचे कागद आज चालू असलेल्या हद्दींच्या वादांशी जुळू शकतात. ते लपवायचे नाहीत, पण मूळ प्रत खोलीबाहेर द्यायची नाही.

बंद ठेवलेले कागद मोजके : जिवंत माणसांची वैद्यकीय आणि पोटगीची कागदपत्रे. पाकिटावर कोणत्या वर्षी उघडायचे ते लिहिले. अप्रकाशित पत्रांचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो, ज्याच्याकडे पत्र आहे त्याच्याकडे नव्हे. म्हणून बाहेरच्यांनी पाठवलेली पत्रे छापण्याआधी विचारणे आले.

परदेशी असलेल्या शाखेने एक जुनी पोथी तिकडे नेण्याचे विचारले. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे ७५ वर्षांवरचे हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते देशाबाहेर नेता येत नाही. पूर्ण मापाची छापील प्रतिकृती करून दिली.

४ मे २०२४

वस्तू. देवघरातले टाक पूजेत आहेत, ते तिथेच राहतील. फोटो, माप, वजन, वर कोरलेली देवता एवढी नोंद. चांदी घासायची नाही, घासताना नाव आणि साल झिजते. पगडीच्या आत धुतलेला मांजरपाट हलका भरला. वर्तमानपत्राचा बोळा आत होता, त्याने अस्तर पिवळे पडले आहे. पैठणीची घडी मोडून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळली, मध्ये आम्लमुक्त कागद.

मापे : लाकडी पायली, शेर, अच्छेर. पायलीत तांदूळ भरून, काठाशी सपाट करून, ते लिटरच्या मापाने मोजले. तीन वेळा, सरासरी ३.६ लिटर. शेर तिच्या बरोबर चौथा हिस्सा भरला. १३ एप्रिलला अडलेला हिशोब इथे थोडा सुटतो. बोटखताच्या दोन वह्यांत ‘घरची पायली’ असा शब्द आहे, आणि ती पायली हीच असेल तर त्या दोन वह्यांपुरते तरी माप मिळाले. वस्तूच्या नोंदीत वह्यांचे क्रमांक आणि वह्यांच्या नोंदीत वस्तूचा क्रमांक घातला.

कॅसेट ११, त्यांपैकी ४ मध्ये जात्यावरच्या ओव्या. तीन कॅसेटची दाबपट्टी, म्हणजे स्पंजचा चिमुकला तुकडा, गळून पडलेली. नव्या कोऱ्या कॅसेटचे कवच उघडून फीत त्यात बसवली. आधी संपूर्ण पुढे-मागे गुंडाळून घेतली, मग वाजवली. आवाज दबलेला वाटला तेव्हा यंत्राच्या वाचकशीर्षाचा (हेडचा) कल स्क्रूने अंश-अंश फिरवून ‘स’ स्पष्ट होईपर्यंत जुळवला. संगणकावर उतरवले ते २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर. आवाज साफ करणारी गाळणी लावली नाही. जात्याची घरघर हा ओवीचा ठेका आहे, कचरा नव्हे.

२५ मे २०२४

बंद करण्याची तयारी. कपाटे पोलादी, भिंतीपासून १५ सेंमी, खालचा खण जमिनीपासून २० सेंमी वर. मातीच्या भिंतीला टेकलेले कपाट वाळवीला पायरी होते. भिंतीवरच्या मातीच्या रेघा महिन्यातून एकदा पाहायच्या, जुनी रेघ खरवडून टाकायची, म्हणजे नवी लगेच दिसते. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची रीत आहे, पण बंद खोलीत ती दमटपणा वाढवते. ठेवल्या नाहीत.

छायाचित्रे आणि काचा घट्ट झाकणाच्या पॉलीप्रोपिलीनच्या डब्यांत, नारिंगी सिलिका जेलसह. रंग हिरवट झाला की १२० अंशांच्या भट्टीत तीन तास, मग पुन्हा आत. रुमाल मात्र हवेशीर कपाटात. एवढ्या कागदाला जेल पुरत नाही आणि घट्ट डब्यात दमट कागद कोंडला तर बुरशी हमखास. खोलीला दिवसाला २० लिटर ओढणारे निर्जलीकरण यंत्र, पाण्याची नळी थेट बाहेर. बादली ठेवली तर ती भरली की यंत्र थांबते, आणि भरते रात्रीच.

प्रत्येक चित्राची तपासबेरीज (फाइल जशीच्या तशी आहे का ते दाखवणारा आकडा) काढून तिन्ही प्रतींशी पडताळली. पुण्याच्या डिस्कवर १७ फाइली जुळल्या नाहीत, नकल करताना तार हलली असावी. पुन्हा पाठवल्या.

१३ जुलै २०२४

बाहेर ९४ टक्के, खोलीत ६१. वीज गेली की चार तासांत ७० ओलांडते. सलग दोन दिवस ७० च्या वर राहिले तर बुरशी, त्याआधी जनित्र लावायचे. फडताळ ‘ब’ च्या मागे पागोळीची ओल उतरलेली. तिथली पंचांगे मधल्या खणात हलवली, नकाशात नवी आणि जुनी जागा दोन्ही नोंदवल्या.

२६ ऑक्टोबर २०२४

पावसाळ्यानंतरची तपासणी. ४१ पैकी ४० रुमाल स्वच्छ. रुमाल २९ मध्ये नवी भुकटी. तो १६ डिसेंबरच्या अर्धवट खेपेतला, पुन्हा मोजणी करताना पिशवी वर राहिली होती असे नोंदीवरून दिसते. आज फ्रीझरमध्ये, शेजारचे २८ आणि ३० ही.

छायांकन ११,००० पैकी ८,२६० वर. बाकी : रुमाल ३१ ते ४१, कीर्द-खतावणीच्या वह्या, तीन कॅसेट. रुमाल ३ साठी ज्या इतर रुमालांतून कागद उपसले होते त्यांतल्या रिकाम्या जागा शोधायच्या. रुमाल १२ मध्ये अशी एक मिळाली आहे, भोकांची रेघ मधेच तुटते तिथे. ‘जागा अनिश्चित’ असलेल्या चारपैकी एक कागद तिथे बसतो का ते पुढच्या आठवड्यात फिल्म लावून पाहायचे.